ठोके परत नॉर्मल झाले, मग रक्त पातळ करायची गोळी कायम का?

काळजीवाली_लेक: आई ७१ वर्षांची, बीपी आणि शुगर दोन्ही आहे. मागच्या महिन्यात बीपी मशीनवर दर वेळी वेगळाच आकडा यायला लागला म्हणून मनगट धरून बघितलं, तर चार ठोके बरोबर, मग एक गायब, मग दोन-तीन घाईघाईत, ताळमेळच नाही. ईसीजीत एएफ (एट्रियल फिब्रिलेशन, हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार) निघालं. आठवड्याने परत काढला तर एकदम नॉर्मल, तरी डॉक्टर म्हणतात गोळी कायम घ्यायची. आई म्हणते मला काही होतच नाहीये तर कशाला, मामा म्हणतो अ‍ॅस्पिरिन पुरे. कोणी नीट समजावेल का?

होल्टरबाबा: मीही हेच विचारलं होतं. एएफमध्ये हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन न पावता नुसता थरथरतो, डाव्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते तिथे रक्त साचतं, गुठळी होते आणि ती सुटून मेंदूत गेली की स्ट्रोक. एएफ येऊन-जाऊन असलं तरी हा धोका राहतो, आणि आईंना कळत नाही म्हणजे येत नाही असं अजिबात नाही, मला होल्टर (अंगावर लावून सतत ईसीजी टिपणारं छोटं मशीन) लावला तेव्हा रात्री झोपेत तीनदा येऊन गेलेलं, मला पत्ताच नाही.

गोळी द्यायची की नाही हे ठोक्यांपेक्षा सोबतच्या आजारांवर ठरतं. डॉक्टर मार्क मांडतात: हार्ट फेल्युअर, बीपी, शुगर, आधीचा हार्ट अटॅक, ६५ ते ७४ वय, प्रत्येकी १. पंचाहत्तरी गाठली की २, आधी स्ट्रोक झाला असेल तर २. तुमच्या आईंचे इथेच ३ झाले, बाई म्हणून अजून एक धरतात तो वेगळाच. ईसीजी सुधारला म्हणून वय आणि शुगर थोडीच जाते!

मामांना सांगा, एएफमध्ये अ‍ॅस्पिरिनचा उपयोग फार कमी. २०११ च्या अ‍ॅव्हेरोज ट्रायलमध्ये अ‍ॅपिक्साबॅन (रक्त पातळ करायची नवीन गोळी) घेणाऱ्यांना अ‍ॅस्पिरिनवाल्यांपेक्षा निम्म्याहून कमी स्ट्रोक आले आणि मोठा रक्तस्राव जवळपास तेवढाच.

झडपवाली: एको (हृदयाची सोनोग्राफी) झाला का? माझी मायट्रल झडप लहानपणीच्या संधिवाती तापाने आखडलीय, त्यामुळे मला अ‍ॅपिक्साबॅनसारख्या नवीन गोळ्या चालत नाहीत, रक्त पातळ करायची जुनी गोळी वॉरफेरिनच. आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा) २ ते ३ मध्ये ठेवायचा म्हणून सारखं रक्त तपासा, पालेभाजी रोज साधारण तेवढीच खा, वैताग आहे पण आता सवय झाली. झडपेचं तसं काही नसेल तर आईंना नवीन गोळी चालेल, फक्त किडनीची तपासणी करत राहा, डोस त्यावरही ठरतो.

रात्रपाळी: गोळी मनाने बंद करू नका एवढंच सांगते. बाबांनी दात काढायचा म्हणून कोणाला न विचारता बंद केली आणि नंतर परत सुरू करायची राहूनच गेली. एके दिवशी चहा पिताना कपच हातातून सुटला, तोंड एका बाजूला, शब्द फुटेना. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देतात, आम्ही ‘थोडं पडू दे त्यांना’ म्हणत तीन तास घालवले.

काळजीवाली_लेक: बाप रे. एको झालाय, झडपा ठीक आहेत, किडनीचा रिपोर्ट शोधते. आईला होल्टरबाबांचं उत्तर वाचून दाखवलं, ‘झोपेत तीनदा?’ म्हणाली आणि गप्प बसली. तिचाही एक दात काढायचाय पुढच्या आठवड्यात, आधी डॉक्टरांनाच फोन करते.