मदत हवी आहे: प्रेसवर बोटं गेली, अपघाताची नोंदच नाही

नमस्कार मंडळी. माझा मावसभाऊ हिंगणा एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला आहे. पॉवर प्रेस मशीनवर त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. कंपनीनं दवाखान्याचं बिल भरलं, आता ठेकेदार म्हणतो, "लिहून दे अन् विषय संपव." सही करू नको म्हणून बजावलंय त्याला.

पगार ईएसआयसीच्या (कामगारांची सरकारी विमा योजना) २१,००० च्या मर्यादेच्या आत आहे, स्लिपवर तिची कपातही दिसते. म्हणजे दावा तिथंच करायचा; मालकाकडून वेगळी कायदेशीर भरपाई मागता येत नाही, एवढं कळलंय. उपचाराच्या काळात रोजच्या मजुरीच्या ९० टक्के मिळतात, कायमचं अपंगत्व किती ते मेडिकल बोर्ड ठरवतं. घोडं अडलंय ते अपघात अहवालावर. तो मालकानं पाठवायचा, आणि तोच गेलेला नाही.

कामगारानं स्वतः ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात अर्ज दिला तर घेतात का? हजेरीपट आणि दवाखान्याचे कागद पुरतात, की साक्षीदारही लागतो? (सोबतचे सगळे घाबरले आहेत, साहजिकच.) कपात करून पैसे भरलेच नसतील, तर मूळ कंपनीला धरायचं की ठेकेदाराला? नागपूरच्या कामगार न्यायालयात अशी प्रकरणं चालवणारे वकील माहीत असतील तर कृपया इनबॉक्स करा.