ज्युरीच्या खोलीतलं बाहेर सांगावं का?

अबोली
गेल्या महिन्यात इथे सॅन होजेला ज्युरी ड्यूटी करून आले. गाजलेला खटला वगैरे काही नाही, गाडीला गाडी घासल्याचा नुकसानभरपाईचा दावा. आम्ही बारा जण, एक लांबट टेबल आणि थंडगार कॉफी. निकाल दिल्यावर न्यायाधीशबाई म्हणाल्या, आता कुणाशी बोलायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. बाहेर आमच्यासाठी पत्रकार सोडा, कुत्रंही थांबलेलं नव्हतं. पण पार्किंगकडे चालताना मनात आलं, कॅमेरे असते तर मी काय केलं असतं?

माझं मत: गप्प बसावं. २०१३ चा झिमरमन खटला आठवा. ट्रेव्हॉन मार्टिन या १७ वर्षांच्या निःशस्त्र कृष्णवर्णीय मुलाला गोळी घालणारा जॉर्ज झिमरमन फ्लोरिडात निर्दोष सुटला. ज्युरीत सहा बायका. निकाल १३ जुलैला, शनिवारी रात्री. सोमवारी त्यातली एक, 'बी-३७', सीएनएनवर अँडरसन कूपरला मुलाखत देत होती, चेहरा अंधारात ठेवून. तोवर पुस्तकासाठी एजंटही ठरला होता, पण लोक इतके खवळले की तो बेत लगेच बारगळला. मग इतर चौघींनी निवेदन काढलं की ही तिची मतं, आमची नव्हेत. महिनाअखेरीस उरलेली एक एबीसीवर येऊन म्हणाली की तो खून पचवून सुटला. म्हणजे निकाल एक आणि त्याच्या कहाण्या तीन. मुलाच्या आईवडिलांनी यातली कुठली खरी धरायची?

कोर्टाची पायरी
अबोलीताई, आयडीला जागलात! पण मी साफ असहमत.

घिलेन मॅक्सवेलचा खटला घ्या. जेफ्री एपस्टीनला लैंगिक शोषणासाठी अल्पवयीन मुली मिळवून दिल्याचा तिच्यावर आरोप होता. २९ डिसेंबर २०२१ ला न्यूयॉर्कच्या ज्युरीने तिला सहापैकी पाच आरोपांत दोषी ठरवलं. आठवडाभरात एका ज्युररने वर्तमानपत्रांना सांगितलं की लहानपणी माझ्यावरही लैंगिक अत्याचार झाला होता, आणि आत चर्चा चालू असताना मी तो अनुभव बाकीच्यांना सांगितला. आता गंमत अशी, की निवडीच्या वेळच्या छापील प्रश्नावलीत नेमका हाच प्रश्न होता आणि तिथे त्याने 'नाही'वर खूण केली होती! ही गोष्ट ना सरकारी वकिलांना माहीत, ना बचावाच्या. मुलाखत दिली नसती तर कायमची गाडली गेली असती. न्यायाधीश ॲलिसन नेथन यांनी मार्च २०२२ मध्ये त्याला साक्षीला बोलावलं. तो म्हणाला, घाईघाईत भरलं, मुद्दाम नाही.

तोंड बंद ठेवायचा नियम असता तर हे तपासलं कोणी असतं?

पुणेरी पाटी
'घाईघाईत भरलं' हे कारण आमच्याकडे आयकर खातंसुद्धा ऐकून घेत नाही.

अबोली
@कोर्टाची पायरी, पुढचं सांगायचं राहिलं की मुद्दाम ठेवलंत? एप्रिलमध्ये नेथनबाईंनी फेरखटला नाकारला. त्याने खरं उत्तर दिलं असतं तरी त्याला ज्युरीतून काढण्याइतकं ते कारण ठरलं नसतं, असं त्यांचं म्हणणं. जूनमध्ये २० वर्षांची शिक्षा झाली, अपिलातही टिकली. मग त्या मुलाखतीने साधलं काय? ज्या बायका धीर करून साक्षीला उभ्या राहिल्या, त्यांना आणखी तीन महिने 'सगळं पुन्हा करावं लागणार का' या टांगणीवर ठेवलं, एवढंच.

कोर्टाची पायरी
तपासून बरोबर निघालं म्हणून तपासायचंच नव्हतं? हा कुठला न्याय हो ताई! रक्ततपासणी नॉर्मल आली म्हणून कोणी लॅबला शिव्या घालतं का?

आणि मूळ अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे न्यायाधीश निकालपत्र लिहितो. कारणं लिहितो, पुरावा का मानला, का नाही मानला ते लिहितो. त्यातल्या एकेका ओळीवर अपिलात भांडता येतं. ज्युरी फक्त 'दोषी' किंवा 'दोषी नाही' एवढंच सांगते. २०११ मध्ये केसी अँथनी आपल्या दोन वर्षांच्या मुलीच्या खुनाच्या आरोपातून सुटली तेव्हा अख्खी अमेरिका ज्युरीवर तुटून पडली होती. एका ज्युररने पुढे येऊन सांगितलं, ती निष्पाप आहे असं आम्ही म्हटलंच नाही, पुरावा पुरेसा नव्हता असं म्हटलं. हा फरक मी अशिलांना वीस वर्षं समजावतोय. त्या बाईंनी तो एका वाक्यात समजावला.

लंडनचा वडापाव
आमच्याकडे हे सांगितलं की थेट गुन्हा. खोलीत कोण काय म्हणालं, मतं कशी पडली, काहीही बाहेर सांगायचं नाही. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'कोर्टाचं कॅन्टीन कसं होतं' हे मात्र खुशाल सांगा (वाईट असतं).

हा कडकपणाही एका मुलाखतीतूनच आला. १९७९ मध्ये लिबरल पक्षाचे माजी नेते जेरेमी थॉर्प खुनाच्या कटाच्या आरोपातून सुटले आणि 'न्यू स्टेट्समन'ने एका ज्युररची मुलाखत छापली. सरकारने नियतकालिकावर अवमानाचा खटला भरला आणि हरलं. मग १९८१ च्या कायद्यात कलमच घालून टाकलं. ते किती कडक? एका मुलं सांभाळणाऱ्या बाईच्या खटल्यातल्या फोरमनला, म्हणजे ज्युरीच्या प्रमुखाला, शंका होती की वैद्यकीय पुरावा नीट न तोलताच तिला दोषी ठरवलं गेलं. तो 'टाइम्स'शी बोलला. २००९ मध्ये 'टाइम्स'ला १५,००० पौंड दंड झाला आणि त्याला ५००. माणूस पैशासाठी बोलला नव्हता, मन खात होतं म्हणून बोलला होता. मी एरवी गप्प बसण्याच्या बाजूचा, पण ही केस वाचल्यापासून तळ्यात-मळ्यात आहे.

टोरांटोची थंडी
कॅनडातही गुन्हाच. इतका, की खुनाचे फोटो आठवडेच्या आठवडे बघून झोप उडालेल्या ज्युररला समुपदेशकापाशीही आतलं बोलता येत नसे. २०२२ मध्ये कायदा बदलून तेवढी मुभा दिली. प्रेस नको, पण माणसाला कुठेतरी बोलायला हवंच ना.

गिरगावकर आजोबा
मुलांनो, तुम्ही नानावटीला विसरलात?

१९५९. मी तेरा-चौदा वर्षांचा. नौदलाचा देखणा कमांडर, बायकोच्या प्रियकराला, प्रेम आहुजाला, गोळ्या घातलेल्या. करंजियांचा 'ब्लिट्झ' दर आठवड्याला त्याची बाजू लावून धरी. चार आण्यांचा अंक दोन दोन रुपयांना खपे. रस्त्यावर 'आहुजा टॉवेल' आणि 'नानावटी रिव्हॉल्व्हर' विकत. मी रिव्हॉल्व्हरसाठी हट्ट धरला होता आणि वडिलांची एक खाल्ली होती. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष म्हटलं. सेशन्स जज्ज मेहतांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, हायकोर्टाने जन्मठेप दिली, सुप्रीम कोर्टाने १९६१ मध्ये ती कायम केली. पुढे माफीही मिळाली, ते निराळं.

त्या नऊ जणांना नक्की काय वाटलं, हे निकालात कुठेही नाही. कारण द्यायची पद्धतच नव्हती. आमच्या चाळीत सगळे म्हणायचे 'ब्लिट्झ'ने ज्युरी फितवली. कशावरून? उगाच. त्या आठांपैकी एकजण जरी येऊन बोलला असता तर निदान चाळीतली भांडणं मिटली असती.

पुणेरी पाटी
आजोबा, चाळीतली भांडणं सुप्रीम कोर्टालाही मिटत नाहीत.

अबोली
आजोबा, तो एकटा 'दोषी' म्हणणारा आठवा बरं! त्या वेळच्या मुंबईत त्याचं नाव-गाव छापलं असतं तर त्याला घराबाहेर पडता आलं असतं? आज एकाने बोलायचं ठरवलं की बाकीच्या अकरांच्या दाराशी कॅमेरे येतात. आणि उद्या टीव्हीवर सांगायचंय हे डोक्यात असलेला माणूस आत कसा वागेल? कॅलिफोर्नियात फौजदारी खटल्यातल्या ज्युररने ड्यूटीतून सुटल्यापासून ९० दिवस माहितीचे पैसे घ्यायचे नाहीत असा नियम आहे. आधी काहीतरी घडलं असणार ना, त्याशिवाय कोणी असा नियम करतं?

कोर्टाची पायरी
पैसे नकोत, मान्य. माझी अशिलं मला देत नाहीत, ज्युररला कशाला मिळावेत!

पण बोलणं बंद केलं की काय होतं ते बघा. १७८५ मध्ये इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांच्यापुढे ज्युररनीच शपथपत्रं दिली की एकमत होईना, म्हणून आम्ही चक्क नशिबावर सोडून निकाल दिला. त्यांनी ती वाचायला नकार दिला: ज्युररच्या तोंडून ज्युरीचा निकाल मोडायचा नाही. त्या नियमाला अमेरिकेत मोठं भगदाड पडलं ते २०१७ मध्ये, पेन्या-रॉड्रिगेझ खटल्यात. कोलोरॅडोतला एक ज्युरर आत म्हणाला होता, आरोपी मेक्सिकन आहे, म्हणजे त्याने केलंच असणार. दोन सहकाऱ्यांनी ते बाहेर सांगितलं. पाच विरुद्ध तीन मतांनी सुप्रीम कोर्ट म्हणालं, उघड वांशिक द्वेष असेल तर ऐकावंच लागेल. ते दोघे गप्प बसले असते तर?

अबोली
सांगितलं कोणाला पण? बचावाच्या वकिलाला! चॅनेलला नाही. माझंच म्हणणं मांडलंत की. चूक दिसली तर वकिलाला सांगा, कोर्टाला सांगा. मेकअप करून स्टुडिओत कशाला?

कोर्टाची पायरी
मॅक्सवेलवाल्याला आपली चूक कळलीच नव्हती, म्हणून तो बोलला. कळली असती तर तो कोर्टातही गेला नसता आणि स्टुडिओतही. असे लोक फक्त मुलाखतीतच सापडतात.

लंडनचा वडापाव
हा मुद्दा बिनतोड आहे. गेलो बाबा पुन्हा तळ्यात.

गिरगावकर आजोबा
अवांतर: मुंबई हायकोर्टात टिळकांची पाटी कोणी पाहिली आहे का? १९०८, ज्युरीचा कौल सात विरुद्ध दोन. पाटीवर टिळकांचं वाक्य आहे, ज्युरीने काहीही ठरवलं तरी मी निरपराध आहे, अशा अर्थाचं. आरोपी बोलला ते दगडात कोरलं. त्या सातांचं म्हणणं कोणी विचारायलाही गेलं नाही.

पुणेरी पाटी
बरं अबोलीताई, ते सगळं राहू दे. तुमच्या गाडीच्या केसमध्ये चूक कोणाची होती?

अबोली
नाही सांगणार.

पुणेरी पाटी
नवऱ्याला सांगितलंत?

अबोली
त्याच्याच बहिणीने परवा तशीच गाडी घासली. त्याला तर मुळीच नाही.