‘चार्ज’ या एका शब्दाचे इतके अर्थ मुलांना कसे शिकवावेत?

प्रश्न : शिक्षिका, खानापूर तालुका

मी मराठी माध्यमाच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवते. दहावीच्या उताऱ्यांमध्ये ‘चार्ज’ हा शब्द वारंवार येतो आणि तो मुलांच्या रोजच्या बोलण्यातला असल्यामुळेच त्यांची फसगत होते. ‘द बुल चार्ज्ड ॲट द फार्मर’ या वाक्याचा अर्थ एका मुलाने ‘बैलाने शेतकऱ्याकडून पैसे घेतले’ असा लिहिला. शब्दकोशात या शब्दाचे कितीतरी अर्थ दिलेले आहेत. परंतु ते पाठ करून घेणे मला पटत नाही. या अर्थांना जोडणारे काही सूत्र आहे काय, आणि त्या त्या ठिकाणी मराठीत नेमके काय म्हणावे?

उत्तर १ : निवृत्त प्राध्यापक, टिळकवाडी

सूत्र आहे, आणि ते मराठी माणसाला चटकन उमगावे असे आहे. लॅटिनमध्ये ‘कार्रुस’ म्हणजे गाडी आणि त्यावरून झालेल्या ‘कार्रिकारे’ या क्रियापदाचा अर्थ गाडीत माल भरणे. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत येऊन ‘चार्ज’ झाला. कार, कॅरी आणि कार्गो हे त्याचे भाऊबंद आहेत. इतकेच नव्हे, तर एखाद्याच्या नाकाडोळ्यांवर अतिशयोक्तीचा भार घालणारे कॅरिकेचर म्हणजे व्यंगचित्रही याच कुळातले आहे. माणसावर जबाबदारीचा भार टाकला की तो कार्यभार किंवा पदभार होतो, पैशांचा टाकला की शुल्क होते आणि दोषाचा टाकला की आरोप होतो.

बंदुकीत दारू ठासण्यालाही चार्ज करणे म्हणत. अठराव्या शतकात काचेच्या बरणीत वीज साठवता येऊ लागली, तेव्हा बेंजामिन फ्रँकलिन यांनी त्या क्रियेसाठी हाच शब्द वापरला. १७४९ मध्ये काचेच्या अनेक तावदानांची जुळणी करून त्यांनी तिला ‘बॅटरी’ म्हटले, आणि तो शब्दही तोफखान्यातलाच होता. म्हणजे आज आपण मोबाइलची बॅटरी चार्ज करतो, त्या वाक्यातले दोन्ही शब्द रणांगणावरून आलेले आहेत. बैलाच्या वाक्यातील अर्थही याच बाजूचा आहे : शस्त्र सज्ज करणे आणि मग त्यासह शत्रूवर चाल करून जाणे.

भरणे समजले की ‘डिस्चार्ज’ म्हणजे रिकामे करणे, मोकळे करणे, हे वेगळे शिकवावे लागत नाही. रुग्णालयातून रुग्णाला मिळतो तो डिस्चार्ज, आणि पावसाळ्यात हिडकल धरणातून क्युसेकमध्ये मोजला जातो तोही डिस्चार्जच, ज्याला आपण विसर्ग म्हणतो. भूजलाच्या ‘रिचार्ज’ला तर मराठीत पुनर्भरण हा नेमका शब्द रूढ आहे.

उत्तर २ : वकील, बेळगाव

प्राध्यापक महोदयांचे सूत्र वर्गात सांगण्यासाठी उत्तम आहे. परंतु उत्तरपत्रिका लिहिणाऱ्या मुलाला त्यापेक्षा मागून येणाऱ्या छोट्या शब्दाचा आधार अधिक मिळेल. ‘चार्ज्ड विथ थेफ्ट’ म्हणजे चोरीचा आरोप ठेवला. ‘चार्ज्ड फिफ्टी रुपीज फॉर इट’ म्हणजे त्याचे पन्नास रुपये घेतले. ‘चार्ज्ड ॲट’ म्हणजे अंगावर धावून गेला. ‘चार्ज्ड टू हिज अकाउंट’ म्हणजे त्याच्या खात्यावर मांडले. विथ, फॉर, ॲट आणि टू हे चार शब्द ज्याने हेरले, त्याला बैलाच्या हाती पावतीपुस्तक दिसणार नाही.

कायद्यातील दोन गोष्टी मात्र वेगळ्या ठेवाव्यात. आपल्याकडे पोलीस तपास संपवून न्यायालयात जे सादर करतात ते आरोपपत्र, म्हणजे चार्जशीट; परंतु आरोप निश्चित करण्याचा अधिकार न्यायालयाचा असतो, आणि कायद्याच्या भाषेत ‘चार्ज’ म्हणजे तो निश्चित झालेला आरोप. इंग्लंडमधील बातमीत ‘पोलिसांनी चार्ज केले’ असे असते, ते तेथील पद्धतीनुसार बरोबर आहे. त्यावरून येथील प्रक्रियेविषयी मत बनवू नये. दुसरी गोष्ट जमिनीची. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०० मध्ये ‘चार्ज’ येतो. मालमत्ता कोणाच्याही नावे न करता आणि गहाणही न ठेवता ती रकमेच्या परतफेडीसाठी तारण ठरते, तेव्हा तिच्यावर चार्ज आहे असे म्हणतात. कृषी पत्तीन सोसायटीचे, म्हणजे शेती पतसंस्थेचे, कर्ज काढलेला आपला शेतकरी त्यालाच उताऱ्यावरचा बोजा म्हणतो, आणि मला वाटते, लॅटिन गाडीवाल्याला हे भाषांतर सर्वांत आधी कळले असते.

उत्तर ३ : वाचक, संकेश्वर

सीमाभागातील मुलांची आणखी एक अडचण वरील दोन्ही उत्तरांत आलेली नाही. त्यांच्या कानांवर मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांतील प्रतिशब्द पडतात, आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. मराठी विज्ञानपुस्तकांत ‘विद्युत प्रभार’ असतो, तर कन्नडमध्ये त्यालाच ‘विद्युदावेश’ म्हणतात. उलट कन्नडमध्ये ‘प्रभार’ म्हटले की तात्पुरता कार्यभार सांभाळणारे मुख्याध्यापक डोळ्यांसमोर येतात. मराठीत आवेश म्हणजे जोश, त्वेष. गंमत अशी की, तो शब्द बैलाच्या वाक्याला शोभला असता.

वीजबिलाचेही तसेच आहे. पलीकडे चंदगडच्या नातेवाइकांच्या बिलावर ‘स्थिर आकार’ आणि ‘वीज आकार’ असे छापलेले असते, तर आपल्याकडच्या कन्नड बिलावर ‘शुल्क’ हा शब्द असतो. शुल्क आकारणे हे क्रियापद ठाऊक नसलेल्या मुलाला विजेचा आकार गोल की चौकोनी, असा प्रश्न पडणारच. शिवाय ‘एनर्जी चार्ज’ म्हणजे वापरलेल्या युनिटांचे पैसे. भौतिकशास्त्रातील चार्जशी त्याचा संबंध नाही. तसेच येथे सर्रास म्हटला जाणारा ‘बस चार्ज’ उत्तरपत्रिकेत लिहू देऊ नये. तेथे ‘फेअर’ हवे.

शिक्षिका, खानापूर तालुका

आपणा सर्वांचे आभार. ‘द नर्स इज इन चार्ज ऑफ द वॉर्ड’ आणि ‘द चाइल्ड इज इन द चार्ज ऑफ द नर्स’ या दोन वाक्यांत मुले गोंधळतात. तेथे मागून येणारा शब्दही एकच आहे.

वकील, बेळगाव

तेथे ‘द’ पाहावा. तो नसेल तर कर्ताच सांभाळणारा असतो, म्हणून पहिल्या वाक्यात वॉर्डची जबाबदारी परिचारिकेकडे आहे. ‘द’ असेल तर कर्ता सांभाळला जाणारा असतो, म्हणून दुसऱ्या वाक्यात मूल परिचारिकेच्या हवाली आहे. जुन्या इंग्रजी लेखनात हा भेद नेहमीच पाळलेला दिसत नाही. परंतु आजच्या लेखनासाठी मुलांना हाच नियम द्यावा, आणि दुसऱ्या वाक्याचे मराठी करताना ‘ताब्यात’ न लिहिता ‘देखरेखीखाली’ लिहायला सांगावे, नाहीतर मुलाला अटक झाल्यासारखे वाटते.