बोहारीण सगळं नेत नाही

जुने कपडे बोहारणीला दिले की मार्गी लागतात, मुंबईत कापडाचा कचरा होतच नाही, असं काही जण म्हणतात. घरच्या साड्या-शर्टांपुरतं ते बऱ्यापैकी खरं आहे, पण धारावीतल्या शिलाई कारखान्यांतल्या चिंध्यांचं काय? तिथे कटिंग टेबलाखाली रोज ढीग साचतो. होजिअरीच्या सुती चिंध्यांना गिऱ्हाईक आहे, गॅरेजवाले पुसायला घेतात, काही गाद्या-उशांत भरतात. पण पॉलिस्टर मिक्स असलं की भाव पडतो, कारण एकाच धाग्यात कापूस आणि पॉलिस्टर पिळलेले असतात, ते वेगळे करणं महागात पडतं. मग ते गोणीत भरून कचऱ्यात, नाहीतर सरळ नाल्यात.

आणि नाल्यात पडलेली चिंधी पिशवीपेक्षा वाईट हो, ती भिजून जड होते, जाळीच्या गजांना पीळ घालून बसते, मग तिच्यात केस, दोऱ्या, प्लास्टिक अडकत जातं आणि पावसाळ्यात पाणी तुंबतं. जाळून टाका म्हणणाऱ्यांनी एकदा धागा पेटवून बघा: सुती असेल तर भुरभुरीत राख होते, पॉलिस्टर वितळून काळा कडक मणी होतो आणि धूर घशाला लागतो. मुंबईतल्या देवनारच्या कचराभूमीवर 1927 पासून कचरा पडतोय, तिथे 2016 च्या जानेवारीत आग लागली तेव्हा गोवंडी-चेंबूरवाले कितीतरी दिवस तसलाच धूर खात होते. माझ्या मते कारखान्यातच सुती आणि मिक्स अशा दोन वेगळ्या गोण्या ठेवायला लावल्या पाहिजेत, एकदा एकत्र झालं की कोणी निवडत बसत नाही.