भावाला समुद्रातून ओढून आणलं आणि बिल शून्य, असं असतं का?

पेठेतला_थोरला:
मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे. धाकटा भाऊ ब्रिस्टलला असतो (आयटी, दुसरं काय). मागच्या महिन्यात बायको आणि मित्रांबरोबर डेव्हनच्या एका बीचवर गेला, सोबत ऑनलाइन मागवलेला हवा भरायचा कयाक. साहेबांचा पाण्याचा अनुभव म्हणजे टिळक टँक आणि एकदा पवनेला कॅम्पिंग. पाणी म्हणे आरशासारखं सपाट होतं म्हणून एकटाच बसला, लाइफ जॅकेट गाडीत कारण फोटोत जाड दिसतो, फोन बायकोकडे, आणि वीसेक मिनिटांत किनाऱ्यावरची माणसं काडेपेटीएवढी. वल्हं मारतोय मारतोय तरी मागेच जातोय. दोन्ही हात हलवले तर त्याच्या बायकोला वाटलं मजेत आहे, तिनेही हलवले! शेवटी कुत्रा फिरवणाऱ्या एका आजींच्या लक्षात आलं, त्यांनी ९९९ लावून कोस्टगार्ड मागितला आणि थोड्या वेळात छोटी रबरी लाइफबोट येऊन ह्याला उचलून घेऊन आली. रिकामा कयाकही आणला, कारण तो तसाच तरंगत राहिला तर दुसरा कोणीतरी बघून परत फोन करणार. त्यातल्या एकाने हातमोजे काढले तर मनगटापर्यंत पांढरा रंग, घरी भिंत रंगवत होता म्हणे, तशीच टाकून आला.

आता बाबा (बँकेतून रिटायर्ड) पहिला प्रश्न काय विचारतात, किती घेतले? काहीच नाही म्हटल्यावर त्यांना झोप नाही. फुकट म्हणजे घोळ, मागाहून नोटीस येणार. तर खरंच फुकट असतं का, आणि पैसे पाठवायचे तर किती? आणि खरं सांगायचं तर मलाच लाज वाटतेय, असल्या येड्यांसाठी लोकांनी जीव का धोक्यात घालायचा?

वारजे_व्हाया_लीड्स:
नोटीस येणार नाही, काकांना झोपायला सांगा. ती आरएनएलआयची (रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन) बोट. १८२४ पासूनची संस्था, आणि सरकारी नाही, धर्मादाय. फोन घेणारा कोस्टगार्ड सरकारी, तो ह्यांना बोलावतो. खर्च देणग्यांवर, लोक मृत्युपत्रात पैसे ठेवून जातात. बोटीवरचे बहुतेक जण स्वयंसेवक, कोणी प्लंबर कोणी शिक्षक, पेजर वाजला की हातातलं टाकून पळायचं. माणूस वाचवल्याचे पैसे घेत नाहीत, मूर्ख असला तरी.

नियम_म्हणजे_नियम:
इथेच चुकतं. जॅकेट गाडीत ठेवून जाणाऱ्याला दोन हजार पौंडाचं बिल फाडा, पुढच्या वेळी बरोबर घालेल. हेल्मेटचंही तेच, पावती फाटल्याशिवाय पुणेकर ऐकतो का?

खडकवासला_शिडवाला:
बिलाचं नंतर, आधी पाण्याचं. सपाट पाणी बघून गेला हीच गोची आहे. शाळेत खारे वारे मतलई वारे पाठ केलेले आठवतात का, मतलई म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे. वारा तसा असला, मग तो कुठल्याही कारणाने असो, की किनाऱ्याजवळ लाटाच उठत नाहीत, तलावासारखं दिसतं, आणि जरा पुढे गेलं की वारा पाठीमागून ढकलत नेतो. हवेचा कयाक पाण्यात बसतच नाही, वर फुग्यासारखा राहतो, त्यामुळे शिडासारखा वारा धरतो. माणूस दमतो, वारा नाही दमत. कयाक सोडून पोहत यायचा मोह झाला नाही हे नशीब. उन्हाळ्यातही तिथलं पाणी १५-१६ अंशांच्या आसपास, एकदम पडलं की श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो आणि तेव्हा तोंड पाण्यात असलं तर विषय संपला. म्हणून आरएनएलआयवाले शिकवतात की पडलात तर आधी पोहू नका, उताणे तरंगत राहा, श्वास ताब्यात आला की मग बाकीचं.

आपल्याकडे फार वेगळं नाही हां. एका धरणावर मला दिलेल्या जॅकेटचं बक्कल तुटलेलं, सुतळीने बांधलेलं. आणि अर्धी पब्लिक सेल्फीसाठी तेही काढून ठेवते.

हर्णैचा_भाचा:
माझा मामा तांडेल (मासेमारी बोटीचा प्रमुख) आहे. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याचे चार जण भाड्याची होडी घेऊन गेले, इंजिन बंद पडलं, नांगर नाही, ओहोटी लागलेली. ह्यातल्या एकाने फोन कोणाला करावा, तर हॉटेलवाल्याला! आपल्या कोस्टगार्डचा १५५४ नंबर कोणाला माहीतच नाही. मामा जाळं अर्धवट ओढून गेला, दोरी लावून आणले. त्यांनी पाचशेच्या नोटा काढल्या तर मामा म्हणाला ठेवा, आधी घरी फोन करा. आम्हाला मात्र दोन दिवस तुम्हा पुणेकरांवर शिव्या ऐकायला लागल्या, त्याचे पैसे घ्यायला पाहिजे होते.

नियम_म्हणजे_नियम:
मामा ग्रेट, पण डिझेल कोणाचं जळलं?

वारजे_व्हाया_लीड्स:
@नियम, बिल लावलंस तर होणार काय, माणूस फोनच उशिरा करणार. अजून दहा मिनिटं वल्हवून बघू, दोन हजार वाचतील. तोपर्यंत तो आणखी लांब, अंधार पडलेला, आणि शोधायला जाणाऱ्यांचाच धोका वाढला. लोणावळ्याला शिवदुर्ग बचाव पथकाची पोरं दरीत उतरतात ती काय चपला घालून ट्रेकला आलेल्यांना आधी रेटकार्ड दाखवतात का?

आणि धोका म्हणजे नुसता बोलायचा नाही. १९ डिसेंबर १९८१ ला कॉर्नवॉलमध्ये पेनलीची लाइफबोट युनियन स्टार नावाच्या जहाजाकडे गेली, जहाजाचं इंजिन बंद, भयानक वादळ. जहाजावरचे आठ गेले आणि लाइफबोटीवरचेही आठ गेले. हे आठही माउसहोल ह्या एकाच छोट्या गावचे. एका दिवसाच्या आत त्याच गावातून नवा क्रू होईल इतक्या लोकांनी नावं दिली.

नियम_म्हणजे_नियम:
बरं. बिल मागे घेतो. जॅकेट न घालणाऱ्याला शिव्या तरी द्यायची परवानगी असावी.

पेठेतला_थोरला:
शिव्या आई रोज व्हिडिओ कॉलवर देतेय, काळजी नसावी. हे सगळं बाबांना वाचून दाखवलं, माउसहोलचं ऐकून काही बोलले नाहीत, उठून चष्मा पुसत बसले. संध्याकाळी म्हणाले १०१ पौंड पाठव माझ्याकडून, वरचा एक विसरू नकोस. भावाला वेगळं सांगितलंय की तू तुझे दर महिन्याला दे. रंगवाल्या माणसाची भिंत पूर्ण करून द्यायला जा असंही बाबा म्हणतायत, ते जरा अवघड दिसतंय. कयाक तो विकायला काढतोय, पंपासकट.

खडकवासला_शिडवाला:
विकताना जॅकेटही सोबत दे म्हणावं. नवंच असेल.