नाकाच्या ऑपरेशननंतर पॅक घालावाच लागतो का? शुक्रवारी आहे, लवकर सांगा

वारजेकरीण
मिस्टरांचं शुक्रवारी नाकाचं ऑपरेशन आहे. आमचे डॉक्टर म्हणतात पॅक घालणार, म्हणजे नाकपुड्यांत बोळा, दोन दिवस राहील. काल कर्वे रोडला दुसऱ्यांना दाखवलं तर ते म्हणाले आजकाल गरज नसते, मी घालतच नाही. आता कोणाचं ऐकायचं? मिस्टर आधीच टरकलेत, ऑफिसातल्या कोणीतरी पॅक काढताना कसं होतं ते साग्रसंगीत सांगितलंय. ज्यांचं झालंय त्यांनीच लिहा प्लीज, गूगल करून झालंय.

पेठेतला_परश्या
नाकाचं म्हणजे कुठलं? सायनस, पॉलिप, पडदा, की नाक सरळ दिसायला?

वारजेकरीण
हाड वाढलंय.

पेठेतला_परश्या
अहो ताई हाड वाढत नाही, मधला पडदा वाकडा असतो, सगळे उगाच हाड म्हणतात. रिपोर्टवर डीएनएस लिहिलंय का? नुसती सेप्टोप्लास्टी, म्हणजे पडदा सरळ करणं, की टर्बिनेटपण, नाकातल्या बाजूच्या मांसल घड्या?

वारजेकरीण
हो तेच, टर्बिनेटपण लिहिलंय. पॅकचं सांगा ना.

चहाबाज
माझं २०११ ला झालं, दोन्ही नाकपुड्यांत व्हॅसलीन लावलेली गॉजची पट्टी कोंबलेली. दुखत नव्हतं फारसं पण जेवण म्हणजे शिक्षा, घास तोंडात असला की श्वास बंद, श्वास घ्यावा तर घास तसाच. पाणी गिळलं की कानात दडे. दोन रात्री उशांच्या चळतीला टेकून बसून काढल्या, जीभ पापडासारखी कोरडी. काढताना डॉक्टर ओढतायत, पट्टी येतेय येतेय, मला वाटलं आता डोळापण येतो बाहेर. अर्ध्या मिनिटाचं काम, पण नंतर जो पहिला श्वास आला ना नाकातून, वा! घाबरू नका म्हणावं.

कोथरूड_७८
हे घाबरवणं नाही तर काय आहे 😀 माझं २०२२ ला, पॅक नाहीच. पडद्याला विरघळणारे टाके आणि दोन्ही बाजूंना सिलिकॉनच्या पातळ पट्ट्या, सातव्या दिवशी काढल्या, कळलंपण नाही. पॅक घालणारे डॉक्टर जुन्या वळणाचे, सरळ बदला.

चहाबाज
असं कसं बदला? माझ्या मामेभावाला पॅक न घालता घरी पाठवला, रात्री दोनला रक्त आलं आणि बर्फ धरून परत हॉस्पिटल गाठलं.

कोथरूड_७८
पॅक असूनही येतं रक्त. एका मामेभावावरून नियम नका काढू.

चहाबाज
आणि तुमच्या एका नाकावरून काढायचा?

योगसाधक
मुळात ऑपरेशन कशाला? रोज जलनेती आणि झोपताना अणुतेलाचे दोन थेंब. पंधरा वर्षांत ईएनटीचं तोंड पाहिलेलं नाही.

पेठेतला_परश्या
वाकडा पडदा जलनेतीने सरळ होत नाही. भिंत कलली तर रंग काढून काय उपयोग.

सदाहरित
हॉस्पिटल लक्ष्मी रोडच्या बाजूला असेल तर गाडी नेऊच नका, स्वारगेटवरून मेट्रोने मंडईला उतरा.

टाके_आणि_चिमटे
ईएनटीत काम करतो, पेशंट न बघता 'घाला' किंवा 'घालू नका' सांगणार नाही. पॅकचं काम तीन गोष्टींचं, रक्त दाबून धरणं, पडद्याच्या थरांमध्ये रक्त साचू न देणं आणि आतल्या जखमा एकमेकींना चिकटू न देणं. साध्या सेप्टोप्लास्टीत पडदा टाक्यांनी शिवून घेतला की साचण्याचा प्रश्न बराचसा सुटतो, चिकटू नये म्हणून सिलिकॉनच्या पट्ट्या असतात, आणि पेशंटला त्रास कमी, म्हणून रूटीन पॅक बऱ्याच जणांनी सोडलाय. पण टर्बिनेट कापलं की रक्त जास्त येऊ शकतं, मग ऐनवेळी टेबलवर ठरतं. पॅकमध्येही सगळं गॉजच नसतं, फुगणारा स्पंज असतो, आपोआप विरघळणारापण असतो. आता सांगा, वय किती? रक्त पातळ करायची गोळी? घोरतात का, झोपेत श्वास अडकतो का?

वारजेकरीण
४९. घोरतात म्हणूनच तर चाललंय सगळं, रात्री श्वासाचं मशीन लावतात नाकावर. गोळ्या दोन आहेत, दिवाळीत स्टेंट बसवला तेव्हापासून. ते फायलीत आहे की सगळं.

पेठेतला_परश्या
अहो हे पहिल्या ओळीत लिहायचं!!

टाके_आणि_चिमटे
ही फाईल कर्वे रोडच्या डॉक्टरांनी पाहिली?

वारजेकरीण
नाही, फक्त सीटी स्कॅन नेला होता. त्यांनी नाकाचंच विचारलं.

टाके_आणि_चिमटे
मग दोघांची उत्तरं वेगळी येणारच. गोळ्यांमुळे रक्ताची भीती, म्हणून तुमचे डॉक्टर पॅक म्हणत असतील. पण झोपेत श्वास अडकणाऱ्याचं नाक बंद केलं तर रात्र अवघड, आणि मशीन नाकावर लगेच लावता येईलच असं नाही, त्याला ती रात्र देखरेखीखाली ठेवायला हवं. हे दोन्ही विचारा. आणि गोळ्या हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवससुद्धा बंद करू नका, स्टेंट नवा आहे.

कोथरूड_७८
ओके, डॉक्टर बदला हे मागे घेतो.

योगसाधक
स्टेंटवाल्यांनी अनुलोम-विलोम...

चहाबाज
नाक बंद असताना?

वारजेकरीण
अपडेट. ऑपरेशन पुढे गेलं. हार्टवाल्यांनी गोळ्या आत्ता थांबवता येणार नाहीत असं लिहून दिलं, घाईचं ऑपरेशन नाही तर थांबा म्हणाले. कर्वे रोडलापण फोन केला, ते म्हणाले स्टेंटचं माहीत असतं तर मीपण 'पॅक नकोच' असं छातीठोक बोललो नसतो. मिस्टर खूश, काल रात्री मशीन न लावताच झोपले आणि मी हॉलमध्ये. माझी चार दिवसांची रजा मात्र मंजूर होऊन बसलीये, आता साहेबांना काय सांगू.

सदाहरित
मग मंडईला जाऊन या, मेट्रोने.