छापखान्यातल्या पेजमेकरच्या जुन्या फाइली लिनक्सवर कशा उघडाव्यात?

रानजाई:
नमस्कार मंडळी. आमच्या बाबांचा कराडला छापखाना होता. डीटीपी (संगणकावरची अक्षरजुळणी) आल्यापासूनचं सगळं काम पेजमेकर या पानं मांडायच्या प्रोग्राममध्ये आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल आणि तालुक्यातल्या कवींचे बाबांनी पदरमोड करून छापलेले संग्रह. पत्रिकांचं सोडा, मला कविता हव्या आहेत. काही संग्रहांची छापील प्रत आता कुणाकडेच उरलेली नाही.

विंडोज ९८ चा तो संगणक मध्येच बंद पडतो, म्हणून आधी हार्डडिस्कची नक्कल करून घेतली. माझ्या लॅपटॉपवर उबुंटू लिनक्स आहे. वाइन या, लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पेजमेकर ६.५ उघडतो, पानाच्या चौकटीही दिसतात, पण मजकुराच्या जागी उच्चारचिन्हं लागलेली रोमन अक्षरं येतात. मराठीचं सॉफ्टवेअर बसवायला गेले तर 'लॉक सापडत नाही' म्हणतं. ते लॉक म्हणजे प्रिंटरच्या २५ पिनांच्या पोर्टला लावायची डबी. लॅपटॉपला ते पोर्टच नाही. काय करू?

टक्सभक्त:
वाइन हे खरं तर एम्युलेटर नाही. ते प्रोसेसरची नक्कल करत नाही. प्रोग्रामने विंडोजकडे 'फाइल उघड', 'खिडकी काढ' असं मागितलं की ती मागणी लिनक्सच्या भाषेत पुरवतं. म्हणून पेजमेकर चालतो. पण लॉक तपासणारा ड्रायव्हर थेट हार्डवेअरशी बोलायला जातो, तिथे वाइनचा इलाज चालत नाही. त्यासाठी व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकातल्या संगणकात, जुनी विंडोज टाकावी लागेल आणि २५ पिनांचं खरं पोर्ट असलेला डेस्कटॉप शोधावा लागेल. यूएसबीवरून प्रिंटर जोडायची केबल मिळते, तिच्यावर पैसे घालवू नका, ही लॉकं तिच्यावर सहसा चालत नाहीत.

खिळेजुळारी:
ताई, तुम्हाला त्या फाइलींत नवं टाइप करायचंय का? नसेल तर लॉकचा नाद सोडा. लॉक मुख्यतः कीबोर्ड चालवणाऱ्या प्रोग्रामला लागायचं. अक्षरं दिसण्यासाठी फक्त फॉन्ट लागतो आणि तो बहुधा साधी ट्रूटाइप फाइल असतो. नक्कल केलेल्या डिस्कवर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये बघा. तिथल्या मराठी फॉन्टच्या फाइली वाइनच्या सी ड्राइव्हमधल्या त्याच नावाच्या फोल्डरमध्ये टाका आणि पेजमेकर पुन्हा सुरू करा. तुमच्या उबुंटूचं लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) मराठी असेल तर वाइन इंग्रजी लोकेलने चालवा. हे फॉन्ट १२५२ हे पाश्चात्त्य कोडपेज (कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर याची यादी) गृहीत धरून बनलेले आहेत.

आणि जुन्यातल्या जुन्या फाइलींसाठी पेजमेकर ५ लागलाच, तर तो १६ बिटांचा आहे. आजची ६४ बिटांची विंडोज तो चालवतच नाही. वाइनची सुरुवात १९९३ मध्ये मुळात विंडोज ३.१ च्या प्रोग्रामांसाठीच झाली, तिथे प्रयत्न करण्यात अर्थ आहे.

रानजाई:
काका, दिसलं! फॉन्ट टाकला आणि पहिलंच पान उघडलं तर जात्यावरची ओवी, वेलांटी-उकारासकट. आता पीडीएफ करून ठेवू का?

खिळेजुळारी:
पीडीएफ जरूर करा, मांडणी टिकेल. पण तेवढ्यावर थांबू नका. त्या पीडीएफमधून ओळ उचलून दुसरीकडे चिकटवली की परत तीच रोमन अक्षरं येतील, कारण फाइलीत 'क' साठवलेलाच नाही. तिथे एक आकडा आहे आणि त्या फॉन्टमध्ये त्या आकड्याला 'क'चा आकार दिलेला आहे. काना वेगळा, अर्धी अक्षरं वेगळी, 'क्ष' स्वतंत्र. ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेतात, नेमकं उलटं, वेलांटी नंतर आणि रफाराचा र आधी. त्यामुळे नुसती अक्षराला अक्षर अदलाबदल करून भागत नाही, क्रमही फिरवावा लागतो. 'मूर्ती', 'निर्मिती' असे शब्द घेऊन कन्व्हर्टर (जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्राम) पारखा, तिथे तो उघडा पडतो.

मजकूर काढताना कवितेत कर्सर ठेवा आणि फाइल मेनूतून एक्सपोर्ट करा. एका वेळी एकच सलग मजकूर निघतो, म्हणजे जिथे चौकटी एकमेकींना जोडलेल्या नाहीत तिथे प्रत्येक वेळी नव्याने. कंटाळवाणं आहे, पण करा. आणि साधी टेक्स्ट फाइल घेऊ नका, आरटीएफ (फॉन्टची माहिती जपणारी फाइल) घ्या. टेक्स्टमध्ये कुठला शब्द कुठल्या फॉन्टमध्ये होता ही खूण पुसली जाते, मग कवीच्या पत्त्यातलं इंग्रजीही कन्व्हर्टर मराठी समजून चिरडतो.

टक्सभक्त:
लिब्रेऑफिस ड्रॉही पेजमेकरच्या फाइली उघडतं. मांडणी हलते, पण कुठल्या फाइलीत काय आहे हे चाळायला ते बरं.

खिळेजुळारी:
चाळायला चालेल. ताई, फॉन्टच्या फाइलीचं नेमकं नाव इथे लिहा. त्याच घराण्याच्या दोन फॉन्टांचेही तक्ते (कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर) कधी कधी वेगळे असतात. माझ्याकडे काही तक्ते हाताने केलेले आहेत, जुळला तर लगेच देतो. ओव्यांपासून सुरुवात करा.